चारशे बारा आंधळ्या शेळ्या

एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी, कारण साहेब स्वतः ती दिवसातून चारदा सांगतात आणि कुणी ऐकून घेत नाही. साहेब डॉक्टर नाहीत. माणसांचे नाहीत आणि जनावरांचे तर नाहीतच नाहीत. शेळ्यांच्या संशोधन केंद्रात जनावरांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणारं जे सॉफ्टवेअर आहे, ते सांभाळणाऱ्या टीमचे ते प्रमुख आहेत. पण एवढं लांबलचक वाक्य जिन्यात उभं राहून कोण ऐकणार? इमारतीतल्या लोकांनी त्यातले 'जनावरं' आणि 'आरोग्य' हे दोन शब्द उचलले आणि बाकीचं वाक्य साहेबांना परत केलं. तेव्हापासून साहेबांच्या दारात पिसं गळणारा पोपट येतो, लंगडणारी मांजर येते, आणि वरच्या मजल्यावरचे, पाणीखात्यातून निवृत्त झालेले काका तर एकदा स्वतःचा गुडघा घेऊन आले होते. "जनावराचं काय नि माणसाचं काय, सांधा तो सांधाच," असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी साहेब रागाने जेवले नाहीत. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि तासाभराने ते गुपचूप जेवले.

केंद्रात निदान कुणी गुडघा दाखवत नाही. तिथे चारशे बारा शेळ्या आहेत, त्यांच्या एक डॉक्टरबाई आहेत, चार देखभाल करणारे आहेत आणि या सर्वांच्या वर एक संचालक आहेत. साहेबांची टीम साहेब धरून तीन माणसांची. एकाचं टोपणनाव 'होईलकी', कारण काहीही सांगा, तो "होईल की" म्हणतो आणि हेडफोन लावतो. दुसरी 'पणजर'. तिचं काम म्हणजे केलेल्या कामातल्या चुका शोधणं, आणि तिचं प्रत्येक वाक्य "पण जर" पासून सुरू होतं. साहेबांचं मत असं की या दोघांची बेरीज करून दोनाने भागलं असतं तर एक चांगला माणूस निघाला असता.

आता मूळ भानगड. प्रत्येक शेळीच्या कानात एक क्रमांकाचा बिल्ला असतो आणि रोज सकाळी त्या क्रमांकापुढे तिच्या तब्येतीची नोंद करायची असते. नोंदीत वजन, ताप, खाणं हे रकाने होतेच, आणि शेवटी एक 'शेरा' नावाचा मोकळा रकाना होता. त्यात काय वाटेल ते लिहिता यायचं, आणि दादा काय वाटेल ते लिहायचे. दादा म्हणजे शेडवरचे सगळ्यात जुने कामगार. तीस वर्षं त्यांनी शेळ्यांखेरीज कुणाशी फारसं बोलणं ठेवलेलं नाही. त्यांचे शेरे साहेबांनी एका दुपारी सलग वाचले. "ठीक." "ठीक." "ठीक, पण रुसलीय." "कालची रुसलेली आज खाल्लं." "हिला शेजारीण आवडत नाही." "हिलाही."

"या आरोग्याच्या नोंदी आहेत की सासरच्या?" साहेब कडाडले.

त्यांचा संताप अगदीच अनाठायी नव्हता. जगभरात लोक संगणकाला आजार ओळखायला शिकवत होते, आणि इकडे यांच्या संगणकात अकरा हजार वेळा 'ठीक' आणि सातशे वेळा 'रुसलीय' साठलेलं. याचा आलेख काढायचा कसा? म्हणून साहेबांनी ठरवलं, शेरा काढून टाकायचा आणि त्या जागी एक ठरलेली यादी द्यायची. यादीतून एक निवडा, पुढच्या शेळीकडे जा. निवडल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, म्हणजे कुणी चुकारपणा करायलाच नको.

"दहा मिनिटांचं काम आहे," साहेब म्हणाले.

"होईल की," होईलकी म्हणाला.

दहा मिनिटांच्या कामासाठी सहा बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत संचालकांनी विचारलं, यादी कुणी करायची? दुसऱ्या बैठकीत डॉक्टरबाईंनी टेबलावर हात ठेवून सांगितलं, की आजारांची यादी हा डॉक्टरचा अधिकार आहे, संगणकवाल्यांनी त्यात पडू नये. तिसऱ्या बैठकीला त्या सत्तेचाळीस आजार घेऊन आल्या. साहेबांनी भीत भीत सुचवलं, की सुरुवातीला 'ठीक' असं एक ठेवू या का? डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ठीक हा आजार नाही," त्या म्हणाल्या, आणि शास्त्राच्या दृष्टीने त्यांना कुणी चूक म्हणू शकलं नसतं. चौथी बैठक यादीचा क्रम लावण्यात गेली. गंभीर आजार वर घ्यायचे की नेहमीचे, यावर इतकी हमरीतुमरी झाली की शेवटी संचालक म्हणाले, अक्षरक्रमाने लावा आणि मला घरी जाऊ द्या. पाचवी बैठक संचालक आलेच नाहीत म्हणून रद्द झाली, तरी तिचं इतिवृत्त मात्र निघालं.

'इतर' का ठेवलं नाही, हा प्रश्न नंतर सगळ्यांनी विचारला. त्याचंही कारण आहे, आणि ते काका. एका संध्याकाळी जिन्यात काकांनी साहेबांना गाठलं आणि विचारलं, सध्या काय चाललंय? साहेबांनी चुकून खरं सांगितलं. काका म्हणाले, "यादीच्या तळाशी 'इतर' ठेवा हो. आमच्या पाणीखात्यात अर्ध्या तक्रारी त्यातच बुडायच्या." आता गंमत अशी, की साहेबांनी तेव्हापर्यंत 'इतर' ठेवायचं जवळजवळ नक्की केलं होतं. पण काकांनी सांगितल्यावर ठेवायचं, म्हणजे उद्या इमारतभर होणार की सॉफ्टवेअर काकांनी केलं. माणसाला स्वाभिमान म्हणून काही असतो. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हाताने 'इतर' खोडलं.

सहाव्या बैठकीत पणजरने हात वर केला. "पण जर एखाद्या शेळीला काहीच झालेलं नसेल तर?"

घड्याळात सव्वापाच वाजले होते. संचालकांनी फाइल मिटली होती, डॉक्टरबाईंनी पर्स उचलली होती. "ते पुढच्या टप्प्यात बघू," साहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी समाधानाने माना डोलावल्या.

मग शेडवरच्या लोकांना वीस मिनिटांचं प्रशिक्षण दिलं. भिंतीवर चित्रं दाखवली. शेवटी साहेबांनी विचारलं, काही शंका? दादांनी एकच विचारलं, "शेरा कुठाय?"

"शेरा गेला, दादा."

"कुठे?"

साहेबांनी चहा मागवला.

सोमवारी सकाळी नवी पद्धत सुरू झाली. पावणेआठला साहेब गालाला फेस लावून आरशासमोर उभे होते तेव्हा फोन वाजायला लागला. एक इमेल. मग दुसरं. मग इतकी, की फोन थरथरत टेबलाच्या कडेला गेला आणि खाली पडला. इथे सांगायला हवं, की एका दिवसात पाचपेक्षा जास्त जनावरांना एकच आजार दिसला तर संचालकांना आणि वरच्या कार्यालयाला आपोआप धोक्याचा इशारा जावा, ही सोय साहेबांचीच. तिच्यावर त्यांनी भाषणंही दिलेली. आज ती सोय पहिल्यांदाच उपयोगी पडत होती. साहेबांनी एका गालावर फेस तसाच ठेवून वाचलं: केंद्रातल्या चारशे बाराच्या चारशे बारा शेळ्या सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान आंधळ्या झाल्या होत्या.

अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत सगळ्यात वर 'अंधत्व' होतं.

साहेब अर्धी दाढी करून केंद्रावर पोचले तेव्हा फाटकाला दोरी बांधलेली होती. वरच्या कार्यालयाचं पथक आलं होतं. पांढरे झगे, हातमोजे, तोंडावर मुसक्या. फाटकावरचा रखवालदार, जो रोज साहेबांना सलाम करतो, आज छाती काढून आडवा उभा.

"आत फक्त डॉक्टरांना सोडायचंय. तुम्ही डॉक्टर आहात का?"

आयुष्यभर हा प्रश्न कुणी साहेबांना सरळ विचारला नव्हता. सगळे परस्पर ठरवून मोकळे झाले होते. साहेबांनी अभिमानाने मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "नाही!" आणि मग तासभर उन्हात उभे राहिले. त्या तासाभरात बायकोचा फोन आला की काका विचारतायत, शेळ्यांच्या डोळ्यांना कोमट पाण्याने शेकलं का.

आत जे चाललं होतं ते साहेबांना दोरीपलीकडून दिसत होतं. पथकाचा प्रमुख तपासनीस एकेका शेळीसमोर जाऊन दोन बोटं हलवत होता. शेळ्या बोटांकडे बघत होत्या, मग त्याच्याकडे बघत होत्या. एकशे अठरा नंबरच्या शेळीने त्याच्या काखेतला कागद हेरला, हळूच ओढला आणि खाल्ला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हिला दिसतंय असं लिहायला हरकत नसावी. तपासनीस म्हणाला, लिहिणार कशावर?

दुपारपर्यंत सगळ्यांना कळून चुकलं की शेळ्या धडधाकट आहेत. सुटलो, असं साहेबांना वाटलं. पण आरोग्याची नोंद एकदा केली की कुणालाही खोडता येऊ नये, हा नियमही सॉफ्टवेअरमध्ये साहेबांनीच घातलेला. भाषणं त्याच्यावरही झालेली. आंधळी शेळी पुन्हा डोळस करायची तर तपासणी हवी, दोन साक्षीदार हवेत. दोन दिवस सगळं केंद्र चारशे बारा शेळ्यांच्या डोळ्यांत बघत होतं. होईलकीचे हेडफोन एका शेळीने चावले आणि "होईल की" हा शब्द दोन दिवस कुणाच्या कानावर आला नाही.

खरं संकट मंगळवारी उभं राहिलं. चारशे बाराही नोंदी दादांच्या नावावर होत्या. बाकीच्या तिघांना पासवर्ड आठवत नव्हता, कारण तो बारा अक्षरी हवा, त्यात एक आकडा, एक चिन्ह आणि दर आठवड्याला नवा. दादांनी आपला एका पुठ्ठ्यावर लिहून दाव्याला बांधून ठेवला होता, सगळ्यांनी तोच वापरला. वरच्या कार्यालयाचं पत्र आलं: खोट्या नोंदी करून यंत्रणेची दिशाभूल केल्याबद्दल संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून कमी का करू नये, याची चौकशी गुरुवारी चार वाजता. दादांच्या निवृत्तीला सात महिने होते.

साहेब तावातावाने शेडवर गेले. रागावलेले होतेच, आता रागवायला माणूस मिळाला होता.

"दादा, तुम्ही चारशे बारा वेळा अंधत्व निवडलंत?"

"निवडलं नाही, साहेब. ते वर होतं." दादा एका पिल्लाला बाटलीने दूध पाजत होते, त्यांनी मान वर केली नाही. "काहीतरी दाबल्याशिवाय पुढची शेळी येईना. अर्धा तास मी 'ठीक' शोधलं. खालपासून वरपर्यंत, परत वरपासून खालपर्यंत. एकेकाचं नाव वाचून अंगावर काटा आला. दोन शेळ्या व्यायला झालेल्या, त्या ओरडतायत. म्हटलं, साहेब शिकलेले आहेत, ते समजून घेतील."

साहेबांना काहीतरी जोरदार बोलायचं होतं. "पुठ्ठ्यावर पासवर्ड लिहायचा नसतो," एवढंच म्हणून ते परत फिरले, आणि वाटेत स्वतःवरच चिडले.

बुधवारी संचालकांनी बोलावलं. खुर्चीत बसायला सांगितलं, हे वाईट लक्षण. "तुमच्या टीमचा बिघाड अहवाल द्या. कारण 'कर्मचाऱ्याची चूक' असेल, तर प्रकरण उद्याच मिटतं. नसेल, तर वरचे म्हणतायत की हे काम ते स्वतःकडे घेतील आणि तुमची टीम हजेरीच्या यंत्रावर बसवतील." हजेरीचं यंत्र म्हणजे फाटकाजवळचं ते बोट लावायचं खोकं. तीन माणसांनी एका खोक्याकडे बघत बसायचं.

साहेब घरी आले ते धुमसतच. ही कसली न्यायबुद्धी? यादी डॉक्टरबाईंची, क्रम संचालकांचा, 'पुढच्या टप्प्यात' वर माना डोलावल्या सगळ्यांनी, आणि मान कापायची वेळ आली की साहेबांची नाहीतर दादांची! हे सगळं त्यांनी बायकोला दोन्ही हात हलवून सांगितलं. ती मटार सोलत होती.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "धडधाकट शेळीने तुमच्या यादीत करायचं तरी काय?"

"तूसुद्धा?" साहेब ओरडले. "घरात तरी माझ्या बाजूचं कुणी आहे की नाही?"

"मी तुमच्याच बाजूची आहे. म्हणून तर शेळीचं विचारतेय, तुमचं नाही विचारलं."

गुरुवारी तीन वाजता साहेब बिघाड अहवाल भरायला बसले. हा फॉर्मही त्यांच्याच टीमने तीन वर्षांपूर्वी केलेला. तारीख भरली, वेळ भरली. मग आलं 'बिघाडाचं कारण'. यादीतून निवडा, निवडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साहेबांनी यादी उघडली. इंटरनेट. कर्मचाऱ्याची चूक. जनावराचा धक्का. प्रशिक्षणाचा अभाव. वीजपुरवठा. संपली. साहेबांनी ती खालपासून वरपर्यंत वाचली आणि परत वरपासून खालपर्यंत वाचली. तीन वर्षं केंद्रात काहीही बिघडलं की त्याला ही पाचच कारणं होती, आणि पाचातलं एकही साहेबांच्या टेबलापर्यंत पोचत नव्हतं. ही यादी करताना एकही बैठक झाली नव्हती. त्यांनी ती एकट्याने केली होती, एका दुपारी, मोठ्या खुशीत.

क्षणभर त्यांचं बोट 'जनावराचा धक्का' वर रेंगाळलं. खोटं का बोला.

साहेबांना राग आला. या आठवडाभरात त्यांना पुष्कळ राग आला होता, पण तो प्रत्येक वेळी कुणावर काढायचा हे माहीत होतं. हा राग निघून जायला वाटच नव्हती. कान तापले, अर्धवट दाढी केलेला तो सोमवारचा चेहरा आठवला, पिल्लाच्या तोंडातली बाटली आठवली, आणि त्यांना अगदी स्पष्टपणे लाज वाटली.

"होईलकी! या यादीत एक ओळ घाल. 'आमची चूक'."

होईलकीने हेडफोनच्या चावलेल्या वायरीशी चाळा थांबवला. "सर, होईल की, पण..."

"पण जर संचालकांच्या मंजुरीशिवाय यादी बदलली हे कळलं तर?" पणजर म्हणाली.

"तर तीही आमचीच चूक," साहेब म्हणाले. "घाल."

पणजर म्हणाली, "घातली की मला द्या, मी तपासून देते," आणि खुर्ची ओढून बसली.

चारला दहा मिनिटं कमी असताना साहेब अहवाल घेऊन चौकशीच्या खोलीत गेले. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. तपासनिसाने अहवाल वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

"हा पर्याय मी कुठल्याच केंद्रात पाहिला नाही. कधीपासून आहे?"

"दहा मिनिटं झाली," साहेब म्हणाले. मग उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. 'ठीक' नव्हतं ते सांगितलं, पणजरने विचारलं होतं ते सांगितलं, आणि काकांपायी 'इतर' खोडलं तेही सांगितलं, जे सांगायची खरं म्हणजे काही गरज नव्हती. डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, ठीक हा आजार नाही असं मी म्हटलं होतं, तेवढं लिहून घ्या. संचालकांनी मात्र काहीच लिहून घ्या म्हटलं नाही.

दादांवरची चौकशी तिथेच बंद झाली. साहेबांना लेखी ताकीद मिळाली. टीम वाचली, कारण वरच्या कार्यालयाने ते सॉफ्टवेअर ताब्यात घ्यायला एक माणूस पाठवला आणि त्याला तीन दिवसांत पासवर्ड पाठ झाला नाही. यादीत 'ठीक' आलं, 'इतर' आलं, आणि खाली शेराही परत आला. काका इमारतभर सांगत फिरले की 'इतर' त्यांच्या सल्ल्याने ठेवलं. साहेबांनी दात-ओठ खाल्ले, पण ते खरंच होतं.

महिनाअखेरीस बिघाडांचा अहवाल निघाला आणि संचालकांनी तो बैठकीत मोठ्याने वाचला. अडतीस तक्रारी. त्यातल्या एकतीस तक्रारींचं कारण, 'आमची चूक'. चहाच्या खोलीतला नळ गळतो: आमची चूक. गाडीचं चाक पंक्चर: आमची चूक. डॉक्टरबाईंची छत्री हरवली: आमची चूक. लोक तोंडावर फाइल धरून हसत होते. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. एकदा, फक्त एकदा माणूस खरं बोलला, तर त्याच्या डोक्यावर गावचे नळ?

ते थेट शेडवर गेले. "दादा, नळाची तक्रार तुमची आहे! नळ गळतो ही आमची चूक?"

"नाही, साहेब."

"मग?"

दादांनी हातातली बादली खाली ठेवली. "बाकीचं काही दाबलं की कुणीतरी चौकशीला येतं. कुणाची चूक, कुणाची सही, कुणाचा पासवर्ड. हे दाबलं की काम होतं आणि कुणी ओरडत नाही. सगळे म्हणतात, ते दाबा. माणूस भला आहे, चालवून घेईल."

साहेबांनी खडसावायला तोंड उघडलं. एवढी वर्षं केंद्रात त्यांना कुणी हुशार म्हटलं होतं, कुणी तापट म्हटलं होतं, बरेच जण डॉक्टर म्हणाले होते. भला माणूस कुणी म्हटलं नव्हतं. आणि आता म्हटलं तेही एका गळक्या नळापायी! याच्यावर रागवायचं कसं, हे त्यांना कळेना, म्हणून ते त्या नळावरच रागावले आणि पाना शोधायला गेले.